एका डिस्कचे दोन भाग

बंगळुरात पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात गिअर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी पुण्याहून आलो, तेव्हा माझ्याजवळ सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स आणि जन्मभर पुरेल एवढा तोरा होता. मालक तिथल्याच एका जुन्या मराठी घरातले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. ड्रॉइंगचं काम बघणाऱ्या बाई म्हणजे अक्का. ऑफिसात कॉम्प्युटर एकच.

त्यातली विंडोज दर दोन-तीन महिन्यांनी झोपायची. मग सगळी ड्रॉइंग तीस-चाळीस फ्लॉप्यांवर उतरवा, हार्ड डिस्क पुसा, विंडोज नव्याने टाका, ड्रॉइंग परत चढवा. दोन दिवस त्यातच जायचे. मी जाहीर केलं, डिस्कचे दोन भाग करू. 'सी'मध्ये विंडोज, 'डी'मध्ये ड्रॉइंग आणि चांगल्या विंडोजची एक नक्कल. बिघडली की 'डी'वरून परत आणायची, ड्रॉइंगना हातही लावायला नको.

"आणि फ्लॉप्या?" अक्कांनी विचारलं.

"त्यांची गरजच नाही आता."

"सरी, बरं. पण दोन्ही भाग त्याच एका डब्यात ना रे?"

मी नुसता हसलो. अडाणी प्रश्नाला तज्ज्ञाने हसायचं असतं.

योजना चालली, हे वाईट झालं. विंडोज दोनदा कोसळली आणि दोन्ही वेळा मी ती जेवणाच्या सुट्टीत उभी केली. अण्णा गिऱ्हाइकांना माझ्या टेबलापाशी आणून सांगायचे, "आमच्याकडे डी ड्राइव्ह आहे!" गिऱ्हाइकं आदराने मान डोलवायची. ती काय चीज आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, अण्णांना तर नव्हतंच.

एका सोमवारी डिस्क टक्-टक् वाजली आणि कायमची गप्प झाली. गुरुवारी एका मोठ्या गिऱ्हाइकाला ड्रॉइंग द्यायची होती.

"तुझी ती डी?" अण्णांनी विचारलं.

"तीही त्यातच होती."

अक्का उठल्या, कपाट उघडलं आणि फ्लॉप्यांचा खोका टेबलावर ठेवला. दर शनिवारी मी गेल्यावर त्या ड्रॉइंग उतरवून ठेवत होत्या.

"तू नको म्हणालास, म्हणून तुला सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

नव्या डिस्कवर चढवताना दोन फ्लॉप्या खराब निघाल्या, चार ड्रॉइंग गेली. जुन्या छापील प्रतींवरून अक्कांनी ती हाताने काढली. मी शेजारी स्टुलावर बसून मापं वाचत होतो. त्यांनी एक टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "स्वल्प मोठ्याने वाच." गुरुवारी ड्रॉइंग वेळेवर गेली.

पुढच्या वर्षी एका सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखत झाली. बॅकअपचा अनुभव विचारला. मी सगळी पद्धत फळ्यावर आकृती काढून समजावली. शनिवारच्या फ्लॉप्या माझ्याच कल्पनेतल्या म्हणून सांगितल्या.

नोकरी मिळाली. थेट बॅकअप विभागाचा प्रमुख.