ऑस्‌वर जोर

जयवंता पांढुर्ण्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. त्याची मुलगी इंदू छिंदवाड्याला नर्सिंग शिकत होती. दवाखान्यातले लांबलचक ग्रीक शब्द तिच्या जिभेवर अडत. जयवंताला त्यांचा अर्थ कळत नसे. ओझं कळायचं.

"अवं, सारा शब्द एकदम काहाले उचलतं? तुकडे पाड. अन् जोर एकाच जागी लाव. जोर आधी आला का कंबर जाते, उशिरा आला का पाय."

इंदूने तुकडे पाडले. ट्रे-कि-ऑस्-ट-मी. जोर ऑस्‌वर. गळ्याला भोक पाडून श्वास मोकळा करतात, त्याचा हा शब्द. धाकटा मधुकर तिला चिडवायला तो अंगणात ओरडायचा, पण जोर बरोबर जागी टाकायचा.

चौऱ्याऐंशी साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार पेटली. जाम नदीत रोवलेलं पळसाचं झाड, शेंड्याला झेंडा, अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, दोन्हीकडून दगड-गोट्यांचा मारा; झाड तोडून झेंडा नेईल ते गाव जिंकलं. मधुकर कुऱ्हाड घेऊन झाडापाशी पोचला. तोच कानाच्या वर गोटा बसला. पोरांनी त्याला पाण्यातून ओढून आणलं, जखमेत चंडीमातेची भभूत दाबली. घडीभराने तो उठून हसला.

"काई नाई झालं. जाऊन राहिलो मी."

"मधू, ट्रेकिऑस्टमी म्हण," पोळ्याला घरी आलेली इंदू बापासोबत काठावर होती, ती म्हणाली.

"ताई इथं बी परीक्षा घेऊन राहिली!" पोरं खिदळली.

"म्हण!"

"ट्रे... कि... ओ... मी."

जोर कुठेच नव्हता. दुसऱ्यांदा तर शब्द पार लोळला.

"बाबा, डोक्याच्या आत रक्त साचून राहिलं. नागपूरले न्या लागते. आत्ताच."

मधुकरने तिला लाथ घातली. जयवंताने मागून त्याच्या कमरेला मिठी मारून उचललं. मधुकरने बापाचा दंड चावला, मांस लोंबेपर्यंत. हात सुटला नाही.

"आपला गडी पळवून राहिले!" आपल्याच काठावरून गोटे आले. एक इंदूच्या तोंडावर फुटला. रक्तासोबत दात थुंकून तिने रस्त्यावर उभ्या जीपचं दार ओढलं.

नागपूरचा सरळ रस्ता नाल्याच्या पुराने अडवला होता, म्हणून जीप लांबच्या वाटेने, सौंसरवरून काढली. तिथेच मधुकर ओकला आणि निपचित पडला. श्वास अडू नये म्हणून नागपूरपर्यंत इंदू त्याचा जबडा वर धरून बसली.

कवटीला भोक पाडून रक्त काढलं. तो वाचला. जयवंताचा चावलेला दंड मात्र सडला. गाठी उचलणं सुटलं, कायमचं.

"झेंडा हाताशी आला होता," मधुकर घरी आल्यावर म्हणाला. "काऊन आणलं मले?"

"तुले इचारून उचललं नोतं," जयवंता म्हणाला.