ऐच्छिक मारामारी

खडोलीच्या एका सुताच्या कारखान्यात रजनी चुरी टाइम ऑफिसला आहेत. गेटजवळच्या खोलीत बसून कोण आलं, कोण उशिरा आलं आणि कोण आता येणारच नाही, याची हजेरी त्या बावीस वर्षं ठेवत आल्यात. माहेर डहाणूकडचं, पण सिल्वासात सगळे त्यांना रजनीबेन म्हणतात. नावं ठेवायला त्यांना विषय कधी कमी पडला नाही. कॅन्टीनची डाळ, सुपरवायझरांचं हिंदी, नवऱ्याचा क्रिकेटचा सोस, काहीच त्यांच्या तावडीतून सुटत नाही. पण खरा तिरस्कार त्यांनी राखून ठेवला होता तो कॉम्प्युटर गेमसाठी. आणि तो ऐकीव नव्हता, खेळून खेळून कमावलेला होता.

सुरुवात झाली ती पाय मोडल्यामुळे. बारा वर्षांपूर्वी कारखान्याच्या ओल्या अंगणात त्या घसरल्या आणि तीन महिने प्लास्टरमध्ये अडकल्या. पुतण्या रोहनने आपला जुना कॉम्प्युटर पलंगाशेजारी आणून ठेवला. त्यात एक गेम होता, चित्रं थोडी आणि मजकूर फार. आपण एक माणूस घडवायचा, त्याला काय येतं आणि काय येत नाही ते ठरवायचं, आणि मग त्या जगात जगायचं. रजनीबेननी एका हाताने अधू असलेली वैदू बाई घडवली. उशाला इंग्रजी शब्दकोश घेऊन चाळीस दिवस खेळल्या, एकही माणूस न मारता शेवटाला पोहोचल्या. तिथे पाहतात तो काय, त्यांची वैदू बाई पहिल्या दिवशी होती तितकीच अडाणी राहिलेली. अनुभव वाढत होता तो फक्त मारण्याने. दोन गावांचं वैर मिटवलं, त्याचं शून्य. चुकून पायाखाली एक उंदीर मेला, त्याचे दहा गुण.

"उंदीर मारला की शहाणपण येतं म्हणे," त्या नवऱ्याला, मधुकररावांना म्हणाल्या.

मधुकरराव मॅच बघत होते. "हं," म्हणाले.

त्यानंतर रजनीबेननी तीसेक गेम खेळले, आणि प्रत्येकाला नाक मुरडलं. राजा मरणाच्या दारात आणि आपण डोंगरात अळंबी खुडत हिंडायचं, तोवर राजा मरायचा थांबणार. गावातली माणसं दिवसभर एकाच जागी उभी राहून एकच वाक्य बोलणार. आणि बोलायची वेळ आली की तीन उत्तरं, एक संताचं, एक राक्षसाचं आणि एक टवाळाचं. तिन्हींना समोरचा जबाब तोच. "ही माणसं कधी दुसऱ्या माणसाशी बोलली आहेत का?" असं त्या चष्मा पुसत विचारायच्या, आणि पुढचा गेम सुरू करायच्या.

हे वेड अश्विनीला माहीत होतं. ती कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती, आणि तिचा मावसभाऊ स्वप्नील टोकरखाड्याला दोन खोल्या भाड्याने घेऊन मित्रांबरोबर असाच एक गेम बनवत होता. अमळनेरकडचा मुलगा, चांगली नोकरी सोडलेली. नदीकाठचा मुलूख, होड्यांवर जकात घेणारा नाका, पाण्याखाली गेलेली गावं, असं काहीबाही त्याच्या गेममध्ये होतं. एका रविवारी तो पेनड्राइव्ह आणि फरसाणाची पिशवी घेऊन रजनीबेनच्या घरी आला.

"मॅडम, यात लढाई ऐच्छिक आहे," तो म्हणाला. "अख्खा गेम एकही माणूस न मारता खेळता येतो."

रजनीबेननी पेनड्राइव्ह घेतला. दोन रविवार खेळल्या आणि तिसऱ्या रविवारी त्याला बोलावून घेतलं.

"तुमचा तो नाकेदार," त्या म्हणाल्या. "त्याच्या भावाला मी पकडून दिलंय हे त्याला कळतं. तो तलवार उपसतो. मी काय करते? निळ्या अक्षरांतलं वाक्य दाबते, 'शांत हो, दादा.' आणि तो शांत होतो."

"तुमच्या पात्राचं वाक्चातुर्य सात गुणांच्या वर आहे ना, म्हणून."

"सात असो नाहीतर सत्तर. भाऊ गमावलेला माणूस असा शांत होतो? लढायचं म्हटलं तर जागा बघा, औषधं जमवा, पळायची वाट ठेवा, तासभर डोकं चालवा. बोलायचं म्हटलं तर एक बटण. लढाईला तुम्ही पुढच्या दाराने आणून पाटावर बसवलंय आणि बोलण्याला मोरीतून आत घेतलंय. आणि वर ऐच्छिक म्हणता."

स्वप्नीलचे कान लाल झाले. "बोलायला सोपं आहे, मॅडम. तुम्ही एक प्रसंग लिहून दाखवा."

"दाखवते," रजनीबेन म्हणाल्या.

काय लिहायचं हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. पाच वर्षांपूर्वी कारखान्यात नथूचा हात मशीनमध्ये गेला होता. नथू शहाद्याकडचा, शांत स्वभावाचा कामगार. उजव्या हाताची तीन बोटं गेली. काम भरभर व्हावं म्हणून ठेकेदाराने मशीनची जाळी काढून ठेवली होती, हे सगळ्या पाळीला माहीत होतं. माणसं लोखंडी सळया घेऊन गेटवर आली आणि ठेकेदार येऊन लपला तो रजनीबेनच्या खोलीत. त्या दारात उभ्या राहिल्या. सकाळी अकरापासून दुपारी तीनपर्यंत त्या बोलत होत्या. एकेकाला नावाने हाक मारून, कुणाच्या घरी काय चाललंय ते विचारून, पाणी देऊन, नथूच्या भावाला "तू आधी दवाखान्यात जा, तिथे तुझी गरज आहे" असं सांगून. गर्दी विरत गेली आणि एकाच्याही अंगावर ओरखडा उठला नाही. कारखान्यात तो किस्सा नव्या माणसाला आवर्जून सांगतात.

तीन आठवड्यांत त्यांनी चाळीस पानं लिहिली. जकात नाक्याच्या दारात खेळणारा उभा, आत ठेकेदार, बाहेर वल्ही उगारलेले नावाडी. ठेकेदाराने नाक्याचा कठडा काढून ठेवल्यामुळे त्यांच्यातल्या एकाचा हात चिरडलेला. निळी अक्षरं नाहीत. आधीच्या प्रवासात ज्याने नावाड्यांचं ऐकून घेतलं असेल, त्यांची नावं लक्षात ठेवली असतील, त्याच्याकडेच बोलायला काही असणार. नाव चुकलं की दगड येणार. ऊन चढत जाणार, घसा सुकणार. स्वप्नीलने पानं वाचली आणि प्रसंग जसाच्या तसा गेममध्ये घातला.

गेमची चित्रं काढायची ती सोनम. सिल्वासातच वाढलेली, एका वाक्यात तीन भाषा बोलणारी मुलगी. तिने तो प्रसंग अकरा वेळा खेळून पाहिला आणि रविवारी रजनीबेन टोकरखाड्याला आल्या तेव्हा सरळ म्हणाली, "आंटी, बोलायचा पार्ट एकदम मस्त. पण मारामारीत चीटिंग आहे."

"कसली चीटिंग?"

"मी दारातून बाजूला झाले. नावाड्यांनी ठेकेदाराला धरला. लगेच चार जण मरतात, गाव जळतं, वर नदीला पूर येतो. पूर का येतो?"

स्वप्नील पंख्याकडे बघू लागला.

"आणि बोलून निभावलं तर ठेकेदार कुठे जातो? मी सगळीकडे शोधला. कुठेच नाही. तुम्ही त्याचं लिहिलंच नाही. मागच्या दाराने गेला असणार ना? म्हणजे तुम्ही पण आधीच ठरवून टाकलंय, आंटी. दुसरा रस्ता आहे म्हणायचं आणि त्याच्यावर खड्डा खणून ठेवायचा. मग ऐच्छिक काय राहिलं?"

रजनीबेन चहा न घेता उठल्या.

आठवडाभर त्या मनातल्या मनात त्या पोरीची सालटी काढत होत्या. चार चित्रं काढता आली म्हणजे अक्कल येत नाही, गर्दी कशाशी खातात हे हिला माहीत नाही, वगैरे. पण मागचं दार काही डोक्यातून जाईना. टाइम ऑफिसला मागचं दार होतं. त्या दिवशी सव्वा वाजता ठेकेदार त्याच दाराने निसटला आणि गाडीत बसून वापीला गेला. दाराची किल्ली त्यांनीच त्याला दिली होती. माणूस गेला की भांडण जाईल, असा हिशेब. त्यानंतर पावणेदोन तास त्या रिकाम्या खोलीची राखण करत लोकांना समजावत राहिल्या होत्या. ठेकेदार काही महिन्यांनी दुसऱ्या नावाने ठेका घेऊन परत आला. मशीनवर जाळी बसायला वर्ष गेलं. नथूला झाडलोटीवर टाकलं, आणि तो सहा महिन्यांत सोडून गेला. जाईपर्यंत तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. मनाला लागलं असेल, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

शनिवारी पाळी सुटल्यावर त्या रिक्षा करून राखोलीला गेल्या. नथू तिथे पुलाजवळ भाजीची गाडी लावतो. त्याने त्यांना ओळखलं, स्टूल पुढे केलं.

"नथू, त्या दिवशी मी दारातून बाजूला झाले असते तर काय झालं असतं?" त्यांनी आडवळण न घेता विचारलं.

नथूने भेंडीवर पाणी शिंपडलं. "माझा भाऊ जेलात गेला असता. अजून दोघं-तिघं गेले असते."

"आणि?"

"आणि त्या ठेकेदाराले माझ्या हाताकडे पाहावं लागलं असतं. त्याने पाहिलाच नाही, बेन. आजपर्यंत नाही पाहिला."

"किल्ली मी दिली होती त्याला."

"माहीत आहे मले. भावाने पाहिलं होतं." गिऱ्हाईक आलं. नथूने डाव्या हाताने टोमॅटो तोलून दिले, मग म्हणाला, "म्हणून बोलत नव्हतो तुमच्याशी."

"मग मी चुकले का?"

"भाऊ घरी आहे. त्याला पोरगी झाली, गुड्डी म्हणतो तिला. आता मी काय म्हणू, तुम्हीच सांगा."

रजनीबेननी अर्धा किलो भेंडी घेतली आणि घरी येऊन प्रसंग पुन्हा लिहायला बसल्या. पूर काढून टाकला, जळकं गावही. आता दारातून बाजूला झालं की नावाडी ठेकेदाराला ओढून बाहेर काढतात आणि हात चिरडलेल्या नावाड्यासमोर उभा करतात. त्याला बघावं लागतं. दुसऱ्या दिवशी नाक्याला कठडा बसतो आणि दोन नावाड्यांना शिपाई साखळ्या घालून नेतात. बोलून निभावलं तर सगळे आपापल्या घरी जातात, पण मधेच खेळणाऱ्याला आपल्याच कमरेला मागच्या दाराची किल्ली सापडते. ती द्यायची की नाही ते त्याने ठरवायचं. दिली तर तो ठेकेदार पुढे कुठल्यातरी गावात दुसऱ्या नावाने भेटतो आणि ओळख दाखवत नाही. कुठल्याच वाटेला गुण नाहीत.

"पण यातलं बरोबर कुठलं?" स्वप्नीलने विचारलं.

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीवर शिक्का मारून हवा असतो," रजनीबेन म्हणाल्या. "मग पोस्टात नोकरी धरा."

सोनमने या वेळी सोळा वेळा खेळून पाहिलं. सतराव्यांदा ती गेममधल्या त्या दारात बराच वेळ नुसती उभी राहिली, आणि मग कॉम्प्युटर बंद करून चहा करायला गेली. रजनीबेननी तो चहा घेतला.

गेम गेल्या दिवाळीत बाहेर आला. फार चालला नाही. बक्षीस मिळत नाही तर नाक्यावर इतका वेळ कशाला घालवायचा, अशी बऱ्याच जणांची तक्रार होती. एका समीक्षकाने मात्र त्या प्रसंगावर लांबलचक लिहिलं आणि त्याला संवेदनशील म्हटलं. "संवेदनशील म्हणे," रजनीबेन अश्विनीला म्हणाल्या, "हा गडी तीन मिनिटांत किल्ली देऊन मोकळा झालाय. स्वतःच लिहिलंय."

कारखान्यात नवीन कुणी लागलं की जुनी माणसं गेटवरच्या त्या चार तासांची गोष्ट अजून सांगायला घेतात. रजनीबेन खिडकीतून ऐकत असल्या तर मधेच थांबवतात आणि किल्लीचं सांगतात. सांगणारा ओशाळतो, गोष्टीतली मजा जाते, आणि नवा माणूस त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघत हजेरीला बोट लावतो.