बसून विणलेली बाज

"ऊठ," कारभारी म्हणाला.

मी बाजेवर बसलो होतो. माझ्याच. मीच विणलेल्या. त्याचा आवाज ऐकून उठायचं सोडून मी भीतीनं आणखीच घट्ट बसलो.

लोणावळ्यात तेव्हा नवे बंगले उठत होते. त्यातल्याच एका बंगल्याच्या अंगणात हे घडलं; कारभारी तिथल्या शेठचा. आम्ही मांग. घायपाताचा दोर वळायचा, पाटलाला फुकट द्यायचा, सुगीत तो टाकील ते पदरात घ्यायचं. माझ्या डोक्यात किडा वळवळला : या दोराच्या बाजा विणून बंगल्यांना विकाव्या. एक पसंत पडली तर सगळ्या मांगवाड्याला काम. वडील, आमचे आबा, म्हणाले, "पाटील हितनं उठवंल आपल्याला." तरी आमच्या कार्ल्याहून बाज डोक्यावर घेऊन निघालो.

कारभाऱ्यानं लांबूनच विचारलं होतं, वजन पेलेल का? मी पडलो शहाणा. तोंडानं सांगायचं सोडून टुणकन वर बसून दाखवलं.

"बाटवलीस. आता हिच्यावर शेठ निजायचे का?"

गड्याकडून त्यानं कोयत्यानं सगळे दोर कापवले. मी हात जोडून उभा. वर "चुकलो, मालक" म्हणालो. ते कुणी सांगितलंही नव्हतं.

सांगाडा डोक्यावर, तुटके दोर तोंडावर. घरी परतताना वाटेत वलवणपाशी एकाएकी हसू फुटलं. बाज विणताना तिच्यावर बसूनच दोर ताणावा लागतो. म्हणजे मी आधीपासून बसलेलोच होतो. माझे हात त्यांना चालत होते. बसलेला मी चालत नव्हतो. मग हसू गेलं.

बाज पुन्हा विणली. लोणावळ्याच्या बाजारात भर रस्त्याकडेला मांडली आणि वर बसलो. कारभारी आलाच.

"ऊठ. नाहीतर तुझ्या पाटलाला निरोप धाडतो."

"धाडा. बसून इणतो, बसूनच इकणार. चालंल त्यानं घ्यावी."

आवाज पिचक्या बासरीसारखा निघाला. पण निघाला.

त्या दिवशी बाज खपली नाही. दुसऱ्या सकाळी पाटलाचा माणूस दोर मागायला दारात. आबा आत दडले, मी बाहेर आलो.

"दोर बाजारात मिळंल," मी म्हणालो.

पाटलाचं धान्य बंद झालं. त्यानं पाणवठाही तोडला, पाणी लांबून आणावं लागलं. पुढं रेल्वेचे खलाशी बाजा नेऊ लागले, शेजारची घरंही विणायला बसली. भीती मात्र गेली नाही. बाजारात ती माझ्याशेजारी बाजेवर बसते. बसू दे. मी उठणार नाही.