तेवीस की पन्नास? घनसावंगीच्या शेडनेटमध्ये दोन लेन्स

मिररलेस कॅमेरा घेऊन वर्ष झालं होतं, तोही सेकंडहँड. त्याच्याबरोबर आलेली झूम लेन्स जड होती आणि संध्याकाळ झाली की तिला काही दिसत नसे. म्हणून एक छोटी प्राइम लेन्स घ्यायची, म्हणजे झूम नसलेली, एकाच अंतराची, खिशात मावणारी, एवढं नक्की केलं होतं. पण तेवीस मिलिमीटरची घ्यायची की पन्नासची, यावर माझे दोन महिने गेले. चौथीपर्यंत मला बाबांनी घरीच शिकवलं. त्यांची कामं बंधाऱ्यांवर, दरवर्षी गाव वेगळं. गणिताचं उत्तर आलं की ते म्हणायचे, आता उलट करून बघ, जुळतं का. तेव्हापासून मला कोणतंच उत्तर पहिल्यांदा खरं वाटत नाही. लेन्सचे सगळे व्हिडिओ पाहून झाले, तरी रात्री पन्नास ठरली की सकाळी तेवीस बरी वाटायची.

अशात डिसेंबरमध्ये मामांचा फोन आला. मामांचं गाव घनसावंगीच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला. माझ्या मामेबहिणीसाठी, मनीषासाठी, पुण्याचं एक स्थळ आलं होतं आणि रविवारी रात्रीपर्यंत बायोडाटा आणि फोटो पाठवायचा होता.

"स्टुडिओत जायला बिलकुल तयार न्हाई ती," मामा म्हणाले. "रेणूताईनं काढला तर बसते म्हणती. तू येतीस का माय?"

स्टुडिओला ती का तयार नाही, हे मला माहीत होतं. मागच्या वर्षी एका स्थळाला तिचा स्टुडिओतला फोटो गेला होता. मागे निळा पडदा, चेहरा दोन छटा गोरा. मंडळी घरी आली, पोहे खाल्ले, आणि मुलाच्या आत्याने मनीषाचा हात हातात घेऊन विचारलं, "शेतात जाते का ही?" पुढे काही निरोपच आला नाही. मनीषा कृषी पदवीधर आहे. अर्ध्या एकराच्या शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवाखाली, मिरचीचं बीजोत्पादन तीच बघते. त्या दिवशीचा अपमान तिने कुणाला बोलून दाखवला नाही, पण स्टुडिओचं नाव काढू देत नाही.

मी हो म्हटलं आणि लगेच घाबरले. फोटो बिघडला तर? की फार चांगला आला तर?

शुक्रवारी अर्धा दिवस ऑफिस करून रेल्वेने संभाजीनगरला गेले. मी जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कंपनीत उगवण तपासायचं काम करते, त्यामुळे हाफ डे मिळणं अवघड नसतं. संभाजीनगरच्या एका दुकानात लेन्स भाड्याने मिळतात. सोमवारी परत द्यायच्या, एखादी विकत घेतली तर भाडं किमतीतून वजा. कुणी लेन्स घेणार असेल तर माझा हाच सल्ला: आधी दोन दिवस भाड्याने वापरा. दोन्ही उचलल्या. दोन्ही मिळून माझ्या जेवणाच्या डब्यापेक्षा लहान. येताना बदनापूरपर्यंत उभी होते, पण पिशवीचं ओझं जाणवलं नाही. झूमवाल्या वर्षात हे सुख नव्हतं.

शनिवारी सकाळी जालन्याहून अंबडमार्गे घनसावंगीची एसटी धरली. बायकांना तिकीट अर्धं, त्यामुळे हा प्रवास चहा-नाश्त्याच्या पैशांत होतो. रस्ता बराचसा चांगला, मात्र उसाचे दिवस असल्याने दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुढे लागले की गाडी त्यांच्या चालीने चालते. घाई असेल तर पहाटेच निघा. अंबडला गाडी थांबते तिथे कांदाभजी चांगली मिळतात, पण तेलकट हाताने लेन्स बदलू नका. मी बदलली आणि पुढचा अर्धा तास ओढणीने काच पुसत बसले. शेजारच्या आजोबांना राहवलं नाही.

"चष्मा हाय का त्यो?"

"नाही बाबा, कॅमेऱ्याची काच."

"एवढुशी? आमच्या लग्नातल्या फोटोवाल्याची दुधाच्या किटलीएवढी होती." मग काच न्याहाळत, "फोटो मात्र काळाच आल्ता."

मोठी लेन्स समोर धरली की माणूस ताठ होतो. आजोबांचा फोटो मी तेवीसवर काढला, बोलता बोलता, आणि ते बोलतच राहिले. तेवीसला एक गुण.

घनसावंगीहून गावापर्यंत जीप. भरल्याशिवाय निघत नाही, हे धरून चाला. मी पोचले तेव्हा मामी अंगणातच होत्या. पाणी हातात देण्याआधी त्यांनी विषय काढला.

"ऐक रेणू. मागचं सगळं पुसून टाकता येतं ना तुझ्या कॅमेऱ्यात? निस्ती पोरगी दिसली पाहिजे. बंगल्याच्या बागेत उभी असल्यासारखी."

"मम्मी, बंगला कुठं हाय आपला?" आतून मनीषा.

"फोटोत असायला काय खर्चा येतो?"

मामी जे मागत होत्या, ते पन्नासचं काम. दोन्ही लेन्स उजेडाला सारख्याच उघडतात, पण पन्नासवर थोडं लांब उभं राहून चेहरा धरला की मागचं सगळं विरघळतं. कोबीचं शेत असो की उकिरडा, हिरवी साय होते नुसती. तेवीसवर तसं होत नाही. माणूस मोठा हवा तर जवळ जावं लागतं, आणि तरी आजूबाजूचं सगळं फोटोत येतं. फार जवळ गेलं तर नाकही मोठं येतं.

जेवणं झाल्यावर मनीषाने मला मागच्या ओट्यावर गाठलं. घरच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा होता, माझे डोळे अजून पाणावलेले होते.

"मला पुसलेला फोटो नको," ती म्हणाली. "नेट दिसलं पाहिजे. ज्याला नको असंल त्यानं फोटो बघूनच नको म्हणावं. घरी येऊन हात बघून न्हाई."

"पण पुण्याचं स्थळ गेलं तर मामी..."

"मम्मीला मी बघते. तू फक्त बराबर काढ."

म्हणजे मी लेन्स तपासायला आले होते, आणि एका बाजूला मामी पन्नास मागत होत्या, दुसऱ्या बाजूला मनीषा तेवीस. कोणती लेन्स लावायची हा आता माझ्या हौसेचा प्रश्न राहिला नव्हता. संध्याकाळी नदीकडे गेलो, नुकताच आलेला हुरडा खाल्ला, गोदावरीच्या पाण्यावर ऊन उतरताना दोन्ही लेन्सनी भरपूर फोटो काढले, आणि एकाही फोटोत माझं मन नव्हतं.

रविवारी सकाळी शेडनेट. कुणाला असं नेट बघायची इच्छा असेल तर मालकाला विचारूनच जा. दोन दारं असतात, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर किडे आत येतात. दारात औषधाच्या पाण्याचा ट्रे, त्यात पाय बुडवायचे. आत शिरलं की बाहेरची थंडी एकदम संपते. हिरव्या जाळीतून येणारा उजेड मऊ असतो, कुठेच कडक सावली नाही. फोटोसाठी याहून चांगला उजेड विकत मिळणार नाही. फक्त माणसं आजारी दिसतात, सगळ्यांवर हिरवी झाक. मी मामांची टोपी मागून घेतली, ती समोर धरून कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते समजावलं. मामा बोडक्या डोक्याने दारात उभे राहिले आणि म्हणाले, "जल्दी दे, इज्जत उघडी पडली."

मनीषा आणि तिच्या मदतीला येणाऱ्या सुमनबाई कामाला लागल्या होत्या. आदल्या दुपारी चिमट्याने आतला नर भाग काढून ठेवलेल्या कळ्या सकाळी फुललेल्या असतात. बोटात प्लॅस्टिकची एक अंगठी घालायची, खड्याच्या जागी बारीक वाटी, वाटीत दुसऱ्या वाणाचे पराग. प्रत्येक फूल त्या वाटीत हलकेच टेकवायचं आणि देठाला लाल धागा बांधायचा. हजारो फुलं, एकेक करून. माझ्या टेबलावर जी बियाणी येतात, ती अशा हातांतून येतात, हे मला माहीत होतं. पाहिलं मात्र पहिल्यांदा.

"अंगठी तर घालूनच बसली पोरगी," सुमनबाई मला म्हणाल्या. "आता नवरदेव तेवढा आणायचा राह्यला."

"काढ गं ती फोटोपुरती!" दारातून मामी ओरडल्या. "पुण्याचे लोक म्हणतील, साखरपुडा मोडलेली हाय!"

आधी पन्नास लावली. ओळी अरुंद, त्यामुळे ओळीतूनच मागे मागे सरकत गेले. मिरचीच्या फांद्या सारख्या मध्ये यायच्या. मनीषाला वाटलं मी अजून जागा शोधते आहे, ती आपल्या कामात. एका फुलाशी अडली, ओठ जरा पुढे आले, कपाळावरची बट मनगटाने मागे सारली. मी बटण दाबलं. स्क्रीनवर पाहिलं तर मागे नेट नाही, ओळी नाहीत, सुमनबाई नाहीत. फक्त मनीषा, तिला कुणी बघत नसताना असते तशी.

मग तेवीस. आता तिच्यापासून दोन-तीन हातांवर उभी राहिले, आणि तिला मी आल्याचं कळलंच.

"हसू का?"

"हसू आलं तर हस."

ती जरा अवघडली, मग कॅमेऱ्याकडे सरळ बघू लागली. बोटात अंगठी, मागे लाल धाग्यांच्या ओळी थेट जाळीपर्यंत, कडेला सुमनबाईंचा पदर. सगळं स्वच्छ.

मला इथे येईपर्यंत खात्री होती की पन्नासचा फोटो लपवणारा आणि तेवीसचा खरा. ओट्यावर बसून दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा ती खात्री गेली. पन्नासमध्ये मनीषा अधिक मनीषा होती. उत्तर उलट करून पाहिलं आणि जुळेना.

मामा म्हणाले, "तुला कळतं त्यातलं. तूच सांग कुठला धाडायचा."

मी म्हटलं, "मामा, माझा फोटो असता तर सांगितलं असतं." आणि कॅमेरा मनीषाकडे दिला. मामी तिच्या खांद्यावरून बघत होत्या.

"हा बघ, कसा आलाय!" मामींनी पन्नासवाल्यावर बोट ठेवलं. "शेताचं नाव न्हाई कुठं."

मनीषा तो फोटो बराच वेळ बघत राहिली. मग पुढे सरकवून दुसरा उघडला. "हा जाऊ दे."

"अगं, यात नाक मोठं आलंय तुझं!"

"असू दे. घरी आल्यावर दिसणारच हाय."

मामांनी हसू आवरलं. मामी उठून चुलीकडे गेल्या आणि मी निघेपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. निघताना खणानारळाने ओटी भरली, तीसुद्धा न बोलता. पुण्याला तेवीसचा फोटो गेला.

सोमवारी दुकानात पन्नास परत केली आणि तेवीस विकत घेतली. कारण अगदी साधं आहे: मी ज्यांचे फोटो काढते ती माणसं अरुंद जागेत असतात, एसटीत, स्वयंपाकघरात, मिरचीच्या ओळीत. तिथे मागे सरकायला धड जागा नसते, आणि जवळ गेल्याशिवाय मला बोलता येत नाही. तुम्हाला लांबून, शांतपणे चेहरे टिपायचे असतील तर पन्नास घ्या. दोन्हींपैकी एकीचीही मला तक्रार नाही. दुकानदाराने विचारलं, नक्की ना? मी नक्की म्हटलं आणि स्टेशनपर्यंत तेच घोकत आले.

दोनच दिवसांत पुण्याचा नकार आला. मुलीला शहरात करमायचं नाही असं वाटतं, असं म्हणाले. मला जेवण गेलं नाही. फोटो माझा होता, लेन्सही मीच लावली होती. मनीषाला फोन केला तर ती नेटमध्येच होती.

"बरं झालं ना ताई. पोहे वाचले."

"मामी?"

"बोलून न्हाई राह्यली माझ्याशी. तुझ्याशी पण न्हाई बोलणार काही दिवस."

पण पुढच्या आठवड्यात मामींचा स्वतःहून फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाली, आईची विचारपूस झाली. मग म्हणाल्या, "त्यो मागचं पुसलेला फोटो अजून हाय का तुझ्याकडं?"

"मामी, तो पाठवायचा असेल तर मनीषाला विचारावं लागेल."

"स्थळासाठी नको गं. स्थळांना त्यो नाकवालाच जाऊन राह्यला, तिच्या बापानं आणखी तीन ठिकाणी धाडला. ह्यो मला पाहिजे. मोठा करून, काच लावून."

"तुम्हाला?"

"मंग? ती गेल्यावर मी काय बघू? नेट तर हितंच राहणार हाय."