मजला भिंतीला बांधणारे हुसेनचाचा

हुसेनचाचा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कणकवलीच्या स्टँडवर वेंगुर्ल्याच्या गाडीची वाट पाहत होते. डोळे भरून आले. पण त्याच्या क्षणभर आधी, खरं सांगते, मनात आलं... सुटलो. आमच्या वाचनालयाचं काम त्यांच्या हातून आधीच पुरं झालं होतं, अर्धवट राहिलं नव्हतं. या विचाराची लाज वाटायला हवी होती. पाच आठवडे झाले, अजून वाटत नाही.

चाचा होड्या बांधणारे सुतार. वाचनालय म्हणजे बंदराजवळची जुनी वखार. चिऱ्याच्या या मुलखात विटांची, वर लाकडी मजला, मजल्यावर मुलांची वाचनखोली. ती धोकादायक ठरवून पाडायचं नगरपालिकेत घाटत होतं. मी पत्रकांच्या घरात वाढलेली. वडील लिहायचे, आई वाटायची, मी घड्या घालायचे. मी पत्रक काढलं : ‘एवढे पावसाळे झेललेली इमारत एका शेऱ्याने पडणार नाही!’ पश्चिमेच्या भिंतीला आम्ही स्वतः राबून सिमेंटचा गिलावा केला होता, तेही अभिमानाने लिहिलं. पत्रक हातात धरूनच चाचा आले.

“तुझो कागद भिंत धरून ठेवतलो काय गो?”

“म्हणजे तुम्हीही पाडणाऱ्यांच्या बाजूचे?”

“पाडूक कोण सांगता? हंयसर ये.”

वर नेऊन त्यांनी भिंतीलगतची एक फळी उचकटली. भिंतीच्या खाचेत टेकलेल्या तुळईच्या टोकात पेचकस खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. चुन्यात बांधलेल्या भिंतीतली ओल पूर्वी वाऱ्यावर सुकून जायची. आमच्या सिमेंटने ती कोंडली आणि लाकूड कुजवलं. शिवाय भिंत आणि मजला एकमेकांना कुठेच बांधलेले नव्हते. जमीन हलली, भिंत बाहेर झुकली, की तुळई खाचेतून निसटणार आणि मजला मुलांसकट खाली.

“होडयेत सगळां एकमेकांक बांधलेला असता, म्हणान ती लाट सोसता,” चाचा म्हणाले. “हंयसर नुसता टेकान ठेवलेला आसा.”

कबूल करावं, तर पाडणाऱ्यांच्या हाती कोलीत. गप्प बसावं, तर रोज संध्याकाळी मुलं त्याच मजल्यावर... मी दुसरं पत्रक काढलं : ‘पहिल्या पत्रकात मी चुकीचं लिहिलं. इमारत आज सुरक्षित नाही. मुलांना दुसरीकडे हलवतो आहोत. पाडू नका, बांधा.’ आमचेच लोक मला फितूर म्हणाले. चाचांनी ते दोनदा वाचलं. “ह्यां बरां लिवलंस. पयल्यात नुसती आरडलंस.”

मग पाडणं थांबलं, रीतसर तपासणी झाली, इंजिनीअरने नकाशे काढले आणि चाचा कामाला लागले. सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावला. कुजकी टोकं कापून नवं लाकूड सांधलं. तुळयांना लोखंडी पट्ट्या जडून भिंतीपलीकडे बोल्टांनी आवळल्या. जुन्या फळ्यांवर तिरक्या फळ्यांचा दुसरा थर ठोकला, मजला एकजीव व्हावा म्हणून. चाचांचा खोकला वाढला होता. घरी जा म्हटलं की शिव्या घालायचे. मी एकदा विचारलं, “आता भूकंपात तडासुद्धा जाणार नाही ना?”

“तडो गेलो तर जावंदे. पोरां भायर येवक व्हयी.”

माझ्या सगळ्या घोषणांपेक्षा हे वाक्य मोठं होतं, हे मला तेव्हाच कळलं... त्यांना मात्र सांगितलं नाही. मुलं परत वर आली, तो दिवस त्यांनी पाहिला.

वाचनखोलीत खिडकीखालची एक फळी त्यांनी खिळे न मारता बिजागरीवर बसवली आहे. दर वर्षी पावसाळ्यानंतर ती उघडून तुळईचं टोक पाहायचं, अशी त्यांची ताकीद. गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदाच ती एकटीने उघडली. त्या फळीवर मांडी घालून वाचत बसलेल्या मुलीला आधी उठवावं लागलं. मी आत बराच वेळ बोटं फिरवत राहिले.

“काय गावला?” तिने विचारलं.

“काय नाय. सुकां आसा.”

“मगे बंद कर. माका वाचूचा आसा.”