सरईच्या बिया आणि करंजाचा फोटो

मेश्रामकाकांच्या घरून फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. नंबर पाहिला आणि फोन उलटा करून ठेवला... दोन वर्षं हेच करत होते ना मी! चहाच्या वेळी लावला, तर वंदनाताई, त्यांची मुलगी, म्हणाली, "बाबा सकाळीच गेले गं." माझ्या हातात बिस्किट होतं. ते तसंच राहिलं.

काका रेल्वेत ट्रॅकमन. गुढियारीच्या वस्तीत आमची घरं भिंतीला भिंत. जन्मभर रुळांच्या कडेनं चालून त्यांची झाडापानांशी सोयरीक जमली होती. लहानपणी मी त्यांचे डोळे रुमालानं बांधून हातात पान द्यायची. ते चुरगाळून, हुंगून नाव सांगत. एकदाही चुकले नाहीत. मी रडकुंडीला यायची, ते हसायचे.

पुढे मी तेलीबांध्याच्या ऑफिसात लागले. शहराबाहेरच्या उजाड टेकड्यांवर इथलीच झाडं परत आणायची, त्यासाठी सात गावं, वनखातं, दोन संस्था आणि एक कारखाना यांची भागीदारी. सगळ्यांना एका टेबलाशी बसवणं हे माझं काम, आणि त्याचा मला ताठा होता, खोटं कशाला बोलू! सरईची, म्हणजे साल वृक्षाची, रोपं नर्सरीत मिळेनात. काका म्हणाले, "मी आणतो ना बिया. काहून टेन्शन घेऊन राहिली?" गुडघे आखडलेला माणूस भर उन्हात बसनं जंगलाकडं गेला, दोन दिवस वाकून वेचल्या, आणि कापडी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. "हे बी वाट नाही पाहत, पोरी. आठ दिवसांत मातीत नाही गेली त मेली."

"हव, काका," म्हटलं मी. त्यांच्याच बोलीत.

पण आमच्यात सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय खड्डा खणायचा नाही, असं ठरलेलं. एका सरपंचाच्या घरी लग्न, वनखात्याचे साहेब दौऱ्यावर, कारखान्याला उद्घाटनाला मोठा पाहुणा हवा. एकटीनं टेकडीवर जाऊन बिया मातीत टोकल्या असत्या तर कोण मला फाशी देणार होतं? गेले नाही. अठराव्या दिवशी कपाट उघडलं तर कुबट वास आला. पिशवी धुतली, बिया कचऱ्यात टाकल्या.

चार महिन्यांनी काकांनी विचारलं, "उगवल्या का?" मी म्हटलं, "छान उगवल्या." जीभ कशी झडली नाही! वर वनखात्याच्या वाफ्यातल्या रोपांचा फोटो छापून, त्या धुतलेल्या पिशवीत घालून दिला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "मस्त आहेत," म्हणाले. मग दर सणाला एकच, "मले एकदा दाखव." मी आज रस्ता खराब, उद्या साहेब येणार, असं सांगत गेले. शेवटी जाणंच सोडलं, फोनही.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मात्र गेले. समोरच्या भिंतीवर तो फोटो, चौकटीत. मला बसवेना. स्वयंपाकघरात ताईला सगळं सांगून टाकलं, अगदी कचऱ्यापर्यंत. ती पोहे परतत होती. हात थांबला नाही.

"फोटोत करंज आहे, सरई नाही, हे बाबांनी त्याच दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"मग मला बोलले काहून नाहीत?"

"मी बी तेच म्हटलं. तर म्हणे, राहू दे. पोरगी लाजन, अन् घरी येणं बंद करन."

 ज्या एका गोष्टीसाठी त्या माणसानं माझं खोटं भिंतीवर टांगून घेतलं, तीही मी त्यांना दिली नाही.

निघताना म्हटलं, ताई, तो फोटो काढून टाक. ती म्हणाली, "बाबांनी लावला आहे. मी नाही काढत." खिळ्याला ती कापडी पिशवी होती, ती मात्र दिली. येत्या उन्हाळ्यात मी जंगलात जाईन. सह्या होवोत न होवोत, आठ दिवसांच्या आत टेकडीवर असेन. पण त्याआधी गुढियारीला जायचं आहे, त्या फोटोसमोर बसून चहा प्यायचा आहे. लाज वाटली तरी.