माझं अढळ मन आणि तारांची टोपी

आता माझ्याच तोंडानं माझी फजिती सांगते. हसा खुशाल! नाहीतरी अकोल्याच्या जुन्या शहरात ती माझ्याआधी पोचलीय.

नणंदेची पल्लवी अमरावतीला कॉलेजात मेंदूचा अभ्यास करते. परवा घरी येऊन म्हणाली, "मामी, भीतीदायक चित्र येणार हे आधीच कळलं, तर मेंदूत काय होते अन् नंतर ते चित्र ओळखू येते का, हे मी पाहून राहिली. एक बाई कमी पडते. पण शांत बसणारी पाहिजे, नाहीतर सारं वाया!"

"मले घेऊन चाल," मी म्हटलं. "सोळा सोमवार केले, हरतालिका कधी चुकली नाही. माझं मन हलतच नाही!"

धाकटी जाऊ मालू लगेच उठली. "मंग मी बी येते ताई. न हलणारं मन पाहू तरी कसं असते!"

झालं! अमरावतीला माझ्या डोक्यावर मेंदूची हालचाल रेघांत उमटवणारी तारांची टोपी, केसांत पांढरं चिकट मलम. पडद्यावर फुली आली की पुढचं चित्र भयंकर, गोल आला की साधं. नंतर त्यात नवी चित्रं मिसळून पुन्हा दाखवणार. आपण फक्त 'पाहिलं' की 'नवं' एवढं सांगायचं.

पहिली फुली आली मात्र, मी डोळे गच्च मिटून शंकराचा धावा सुरू केला! फुली, डोळे बंद. गोल, डोळे उघडे. तांब्या, छत्री, खुर्ची... काय भक्तिभावानं पाहिली म्हणता!

मग परीक्षा. आता फुलीबिली काही नाही, एकदम फणा काढलेला नाग! हा दाखवला होता की नव्हता, मला काय ठाऊक? पण मागे मालू बसलेली. मी ठणकावलं, "पाहिलं!"

जळतं घर? "पाहिलं!" दात विचकणारं कुत्रं? "पाहिलं!"

"मामी, कुत्रं तर मी आत्ताच टाकलं!"

"तुह्या ध्यानात नसन!"

तेवढ्यात पडद्यावर आली एक बाई. काळोखात बसलेली, डोक्यातून तारा लोंबतायत, केस पांढरे पिंजारलेले, डोळे वटारलेले. मी खुर्चीसकट मागे सरकले!

"नवं! नवं! अवं माय, हे नव्हतं दाखवलं!"

"मामी," पल्लवी हळूच म्हणाली, "चित्रं संपली. पडदा बंद झाला."

मालू पोट धरून हसत होती. "न पाहिलेलं सारं वळखलं ताई, अन् सोताले म्हनता नवं!"

पल्लवीनं माझी टोपी काढली आणि मालूच्या डोक्यावर चढवली. माझी आशा मात्र सुटेना. "बाई, माझ्या रेघा तरी सरळ आल्या ना?"

"सरळ? फुली दिसली की चित्राच्या आधीच उडी! अन् सगळ्यात मोठी उडी..."

"नागाले पाहून?"

"नाही मामी. तुमाले पाहून!"